कॅन्सरबद्दल नेटवर वाचून उपयोग होतो की नुसती झोप उडते?

अनवट

"वाचूच नये, डॉक्टर सांगतील ते करावं" असं लिहायला सरसावलेल्यांनी जरा दम धरावा. ते कुणाच्याच हातून होत नाही. आजाराचं नाव कळलं की माणूस शोधतोच. रुग्णाने नाही शोधलं तर त्याचा भाचा शोधतो आणि सगळ्यांना पाठवतो.

आमच्या वहिनीला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून ढीगभर वाचलं. (उपचार संपलेत, ती उत्तम आहे, त्यामुळे 'काळजी घ्या' लिहू नका.) त्यातून माझं एक मत बनलंय. ते मांडतो आणि तुमचे अनुभव विचारतो.

चमत्कारी काढे आणि 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' छाप पानांना आपण उगाच मोठं केलंय. ती बऱ्यापैकी ओळखू येतात. आम्हाला जास्त पिडलं ते खऱ्या माहितीने. नामांकित संस्थांची, तज्ज्ञांनी तपासलेली, शब्दन्‌शब्द बरोबर माहिती. फक्त ती वहिनीबद्दल नव्हती.

रिपोर्टवर 'ग्रेड ३' होतं. दादाने ते स्टेज ३ धरून पुढचं सगळं वाचलं आणि मग कुणाशी धड बोलेना. स्टेज म्हणजे आजार कुठवर गेलाय. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात. गाठ लहान होती, काखेत काही नव्हतं, म्हणजे स्टेज १. दादाने वाचलेलं पान उत्तम होतं हो, दुसऱ्याच कुणा बाईचं होतं इतकंच.

तीच गत प्रकारांची. पेशींत हार्मोन पकडणारे रिसेप्टर असलेला, हर-टू नावाचं प्रथिन वाढलेला आणि यातलं काहीच नसलेला म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह, हे उपचारांच्या दृष्टीने जवळजवळ निराळे आजार. औषधं वेगळी, उलटण्याचा काळ वेगळा. आपण शोधताना टाकतो 'ब्रेस्ट कॅन्सर' आणि समोर येते सगळ्यांची सरमिसळ.

तर सांगा, तुम्हाला काय वाचून खरंच उपयोग झाला? आणि कशाने वाट लागली?

टवाळ

पहिला! आता वाचतो.

निरुपमा

ग्रेडवरून आठवलं. माझ्या सासऱ्यांच्या प्रोस्टेटच्या बायोप्सीत ग्लीसन स्कोअर (प्रोस्टेटच्या कॅन्सरची ग्रेड) ६ आला. त्यांनी नेटवर पाहिलं, स्कोअर १० पर्यंत असतो. दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याच्या पुढे गेलोच की! त्यांनी कागदपत्रांची पिशवी काढून कुणाला काय द्यायचं ते सांगायला सुरुवात केली.

आता गंमत अशी की बायोप्सीत कॅन्सर म्हणून लिहिला जाणारा सगळ्यात खालचा स्कोअरच मुळात ६ असतो. पट्टी सहापासून सुरू होते. म्हणूनच नंतर १ ते ५ अशी ग्रेड ग्रुपची नवी मांडणी आणली, त्यात त्यांचा नंबर १. डॉक्टरांनी ऑपरेशनही सांगितलं नाही, नुसती देखरेख ठेवली. ठराविक काळाने पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, अधूनमधून बायोप्सी.

तर यावर नातेवाइकांचा वेगळाच गदारोळ. कॅन्सर असून उपचार करत नाहीत म्हणजे काय! प्रत्येकाने कुठून तरी एक दुवा आणला. सासरे शेवटी म्हणाले, मला आजाराने काही होत नाहीये, तुमच्या फॉरवर्डनेच होईल.

वाचनवेडा

अनवट, धागा चांगला, पण "ती ओळखू येतात" याला माझा सपशेल विरोध. कुणाला ओळखू येतात? तुम्हाला, आरामात बसलेले असताना. उपचार नुकसान करतील या भीतीने जो आधीच गारठलाय त्याला नाही येत.

२०१८ साली जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये एक अभ्यास आला होता. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेले, आणि आजार दूरवर न पसरलेले रुग्ण. म्हणजे बरं व्हायची चांगली संधी हातात असलेले. त्यातल्या २८१ जणांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले. त्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींच्याही वर. ही निवड करणाऱ्यांमध्ये सुस्थितीतल्या लोकांचं प्रमाण जास्त होतं. अडाणी म्हणून सोडून देता येणारे लोक नव्हते ते.

त्याच मुख्य संशोधकाने पुढे समाजमाध्यमांवर याच चार कॅन्सरबद्दल सर्वाधिक फिरलेले २०० लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. जवळपास एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती होती, आणि चुकीच्या लेखांना बरोबर लेखांपेक्षा जास्त प्रतिसाद मिळाला होता. ग्रेड आणि स्टेजच्या घोळाने तुमच्या दादाची झोप गेली. या लेखांनी माणसं जातात. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

अनवट

वाचनवेडा, मान्य, नुकसानाच्या आकाराबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. मी म्हणतोय ते संख्येबद्दल. उपचार सोडून काढ्याकडे जाणारे थोडे. उपचार घेत असताना चुकीचं पान वाचून खचणारे जवळपास सगळे. पहिल्यांवर निदान लेख तरी येतात, दुसऱ्यांना कुणी मोजत नाही.

टवाळ

वाचलं. माझा एकच प्रश्न. तो भाचा प्रत्येक घरात असतो का? आमच्याकडे आहे. त्याला 'ग्रुप ॲडमिन' म्हणून रीतसर पद दिलंय. (ह.घ्या.)

पॅथकाका

आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेला माणूस आहे, तेव्हा थोडं लिहितो.

आमचे रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र असतात. हल्ली ते थेट रुग्णाच्या फोनवर पोचतात, बहुतेकदा डॉक्टरांची भेट व्हायच्या आधी. मग मधले ते दोन-चार दिवस माणूस आणि सर्च इंजिन. मी रिपोर्ट लपवा असं म्हणत नाही, ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे. पण त्यात आकड्यांचे सापळे फार आहेत.

स्टेज ० म्हणजे खरोखर अगदी सुरुवातीची अवस्था, पेशी जिथे तयार झाल्या तिथल्या भिंतीच्या आतच आहेत. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र बायरॅड्स (त्या रिपोर्टची ठरलेली वर्गवारी) ० असेल तर त्याचा अर्थ फक्त इतकाच की चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी करा. तिथे शून्य म्हणजे ना चांगलं ना वाईट. शून्य बघून निर्धास्त झालेले, पुढची तपासणी न केलेले लोक मी पाहिलेत. ट्यूमर मार्करचं, म्हणजे कॅन्सरचा माग काढायच्या रक्ततपासण्यांचंही तसंच. सीए-१२५ एंडोमेट्रिऑसिस या गर्भाशयाशी संबंधित आजारात वाढतं, पाळीत वाढतं, गरोदरपणातही वाढतं. पीएसए नुसत्या वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटनेही वाढतं आणि लघवीच्या जंतुसंसर्गानेही. 'सीए-१२५ जास्त' असं शोधलं की पहिलं पान अंडाशयाच्या कॅन्सरचं. पान बरोबरच आहे. अनवट म्हणतात तेच.

गणोबा

आकड्यांचा विषय निघालाय तर 'पाच वर्षं जगण्याची शक्यता' या प्रकाराबद्दल बोलायलाच हवं. सगळ्यात जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यात कमी समजला जाणारा आकडा.

एक तर तो भूतकाळातला असतो. पाच वर्षं जगले की नाही हे बघायला पाच वर्षं जावी लागतात, वर आकडे गोळा करून छापायला आणखी काही. म्हणजे आज तुम्ही वाचता ते बऱ्याच वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचं प्रगतिपुस्तक, तेव्हाच्या औषधांवरचं. दुसरं, कित्येकांना वाटतं की पाच वर्षांनी काहीतरी होतं. काही होत नाही. ती मोजणाऱ्यांनी सोयीसाठी मारलेली रेघ आहे. तिसरं, अमेरिकेच्या 'सीअर' या कॅन्सर नोंदवहीचे आकडे स्टेज १ ते ४ असे नसतातच. जागच्या जागी, आसपास, दूरवर, असे तीन कप्पे असतात. डॉक्टर सांगतात स्टेज २ आणि आपण त्या तीन कप्प्यांत ती शोधत बसतो.

आणि माध्यिका, म्हणजे मीडियन. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कॅन्सर झाला. त्यांनी ग्रंथालयात जाऊन वाचलं तर मीडियन आयुष्य आठ महिने. दुसरा कुणी 'मला आठ महिने आहेत' असं समजला असता. त्यांना संख्याशास्त्र येत होतं. आठ महिने मीडियन म्हणजे निम्मे आठ महिन्यांच्या आत जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात. त्या पुढच्यांची शेपटी उजवीकडे लांबच लांब जाऊ शकते, कारण डावीकडे शून्याची भिंत आहे, उजवीकडे नाही. मग त्यांनी पाहिलं की आपलं वय, आजार लवकर कळणं, उपचार मिळणं हे सगळं आपल्याला कुठल्या बाजूला नेतं. ते २००२ मध्ये वारले, वीस वर्षांनी, दुसऱ्याच एका कॅन्सरने.

निरुपमा

गणोबा, हा प्रतिसाद साठवून ठेवला. आमच्या ॲडमिन भाच्याला पाठवते.

मुग्धा_र

मी रुग्ण आहे. आतापर्यंत धाग्यावर दादा, सासरे, भाचे यांचंच वाचन चाललंय म्हणून लिहिते.

मला आकडे नको होते. अजूनही नकोत. गणोबांनी छान समजावलंय, पण मला मी उजव्या शेपटीत आहे की डाव्या बाजूला याचा विचारच करायचा नव्हता. मी ऑन्कॉलॉजिस्टना पहिल्याच भेटीत सांगितलं की काय करायचंय ते सांगा, किती शक्यता ते मी विचारीन तेव्हाच सांगा. त्यांनी ते पाळलं. नेटला असं सांगता येत नाही. केमोच्या दिवशी तोंड कोरडं पडतं त्यावर काय करावं एवढं शोधायला गेले, तर पानाच्या वरच मोठ्या अक्षरांत टक्केवारी. न मागता.

मला कामाला आलं ते सगळं रटाळ साहित्य. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि तेव्हा ताप ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, लगेच हॉस्पिटल. हे मला सांगितलं गेलं असणारच, पण त्या भेटीत माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. घरी शांतपणे वाचलं म्हणून लक्षात राहिलं. केमोच्या एका सायकलनंतर रात्री ताप चढला, काउंट्स तळाला गेले होते, वेळेवर अँटिबायोटिक्स सुरू झाली. ज्या पानाने मला वाचवलं त्यावर 'चमत्कार' हा शब्द कुठेही नव्हता.

अशी पानं कुणी फॉरवर्ड करत नाही. मला आलेल्या शेकडो संदेशांत तापाबद्दल एकही नव्हता. साखर सोडा मात्र रोज.

टवाळ

साखर! आलाच विषय. मी कधीपासून वाट बघत होतो. साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो म्हणे. मग तो शरीरातली बाकीची साखर का खात नाही? पथ्य पाळतो का?

पॅथकाका

टवाळ, चेष्टेत बरोबर बोललात. ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की बऱ्याच कॅन्सरपेशी ग्लुकोज भराभर वापरतात. हे खरं आहे आणि पेट स्कॅन त्यावरच चालतो. किरणोत्सारी ग्लुकोजसारखा पदार्थ टोचतात, जिथे जास्त शोषला जातो तिथे चित्र उजळतं. त्यावरून उडी मारली गेली की साखर खाल्ली नाही तर गाठ उपाशी. पण तुम्ही साखर बंद केलीत तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज कायम ठेवतंच, कारण मेंदूला ते लागतं. गाठीचा वाटा तिला मिळतोच. उपाशी राहतो तो रुग्ण. केमोत वजन आणि स्नायू टिकवणं हीच मोठी लढाई असते, आणि साखरेबरोबर निम्मं जेवण सोडलेले लोक तिथे हरतात.

खोटी माहिती बहुतेकदा अशीच बनते. एक खरी गोष्ट घ्यायची आणि तिला न झेपणारं काम सांगायचं. 'अमुक अर्काने कॅन्सरपेशी मेल्या' हेही तसंच. काचेच्या बशीत पेशी मारायला ब्लीचही पुरतं. बशीतून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि बहुतेक पदार्थ तिथेच गळतात.

अवांतरकर

अवांतर: पॅथकाका, जर्दाळूच्या बियांचं 'जीवनसत्त्व बी-१७' त्यातलंच का? आमच्या शेजारच्या काका-काकूंना कुणीतरी ती बाटली पाठवली होती.

वाचनवेडा

अवांतरकर, ते जीवनसत्त्व नाहीच. अमिग्डॅलिन, त्यापासून बनवलेलं लेट्राइल. शरीरात त्यातून सायनाइड सुटतं. लोकांचा रेटा इतका होता की शेवटी रीतसर चाचणी घेतली. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. कुणाचा आजार बरा झाला नाही, स्थिरावलाही नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीकडे गेलेलं आढळलं. चार दशकं उलटली, बाटली विकली जातेच आहे. अनवट, ओळखू येतं ना?

अनवट

घ्या, मारला. :)

आरोग्यदूत_नवा

नमस्कार मित्रांनो, माझ्या मामांचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर फक्त एका

[हा प्रतिसाद संपादित केला आहे. जाहिरात आणि संपर्क क्रमांक टाकू नयेत. - संपादक]

टवाळ

अरेरे, मामांचं काय झालं ते राहिलंच.

तिरपागडे

सगळे नेटला झोडताय म्हणून मी उलट बाजू घेतो.

डॉक्टर किती वेळ देतात? बाहेर ताटकळलेली रांग, आत पाच मिनिटं, त्यात अर्धा वेळ फाइल चाळण्यात. मला जीआयएसटी झाला, पोटातला एक दुर्मीळ ट्यूमर. पहिल्या सर्जनने "काढलं, आता विसरा" असं सांगून बोळवण केली. नेटवर वाचलं म्हणून मला कळलं की गाठीचा आकार, तिची जागा आणि पेशी किती वेगाने विभागताहेत यावरून परत उलटण्याचा धोका ठरवतात आणि जास्त असेल तर पुढे गोळी देतात. जनुकीय तपासणीही करतात, कारण काही बदलांवर ती गोळी चालतच नाही. मी हे प्रश्न घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, बरं झालं आलात.

दुर्मीळ आजारात नेट हाच गाव असतो. इमॅटिनिब (हीच ती गोळी) जीआयएसटीवर चालतं का याच्या चाचण्या २००० च्या सुमारास सुरू झाल्या, तेव्हा त्या चाचण्यांतलेच रुग्ण इंटरनेटवर एकमेकांना दुष्परिणाम कळवत होते. त्यातून पुढे 'लाइफ राफ्ट ग्रुप' ही संस्था उभी राहिली. माझ्या गोळीने डोळ्यांभोवती सूज येते हे कुणी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर विचारलं, तासाभरात वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी 'हो, मलाही' म्हणून लिहिलं. ते पाच मिनिटांत मिळत नाही.

मुग्धा_र

तिरपागडे, ग्रुपचा आधार मलाही मिळाला, नाही कशाला म्हणू. पण एक जाणवलं. जे बरे होतात ते हळूहळू लिहायचे थांबतात. कामाला लागतात, विसरू बघतात. लिहीत राहतात ते ज्यांचं काही बिनसलंय. मग रात्री जागून वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्यांचंच बिनसतं. मी उपचार संपल्यावर मुद्दाम तिथे एक ओळ टाकून आले, 'मी बरी आहे, आज पावसात भिजले'. नव्या बायकांची उत्तरं बघून कळलं की हेच कुणी लिहीत नव्हतं.

ओवी

आमच्या घरी तर उलटंच. बाबांना आजाराचं नाव सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचे फोटो, त्याखाली चर्चा, 'बाबांना कळू देऊ नका'. बाबा त्याच ग्रुपवर.

टवाळ

ओवी, हसू की रडू?

ओवी

बाबा हसले. मग म्हणाले, आता निदान नीट तरी सांगा, मला गोळ्यांची नावं शोधून अंदाज बांधावा लागतोय.

लॅबमांजर

इतके प्रतिसाद झाले आणि एआयचं नाव कुणीच काढलं नाही? आता लोक सर्च करत नाहीत, चॅटबॉटला विचारतात. मला तर फरक चांगला वाटतो. रिपोर्ट टाकला की सोप्या भाषेत सांगतो, इंग्रजी अडतं त्यांना आपल्या भाषेत सांगतो. अनवट यांची मूळ तक्रार, की माहिती आपल्या माणसाची नसते, ती यातून सुटते की.

वाचनवेडा

सुटते असं वाटतं, हीच अडचण आहे. २०२३ मध्ये जामा ऑन्कॉलॉजीत एक तपासणी आली होती, चॅटजीपीटीच्या तेव्हाच्या आवृत्तीची. स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर काय उपचार करावेत हे वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. जवळपास प्रत्येक उत्तरात मार्गदर्शक तत्त्वांशी जुळणारा निदान एक उपचार होताच. पण साधारण एक तृतीयांश उत्तरांत त्याच्या शेजारीच न जुळणारा उपचारही होता. काही तर कुठल्याच तत्त्वांत नसलेले. त्यानंतरची मॉडेल्स सुधारली असतील, पण ही तऱ्हा लक्षात ठेवा. चूक एकटी येत नाही, बरोबर गोष्टींच्या घोळक्यात येते आणि त्याच ठाम सुरात बोलते.

लॅबमांजर

हो, पण तो निकष डॉक्टरांना लावला तर? तिरपागडे यांचे पहिले सर्जनही ठाम सुरातच बोलले होते.

तिरपागडे

जे ब्बात!

पॅथकाका

फरक एवढाच की सर्जनच्या हातात स्लाइड, स्कॅन आणि रुग्ण असतो. त्याने ते नीट पाहिलं नाही तर तो त्याचा दोष. यंत्राच्या हातात तुम्ही टाइप केलेलं असतं, आणि काय टाइप करायला हवं होतं हे तुम्हाला माहीत नसतं. 'मी सोबत अमुक सप्लिमेंट घेतो' हे लोक आम्हालाही सांगत नाहीत. सेंट जॉन्स वर्ट ही मन प्रसन्न ठेवण्यासाठी घेतली जाणारी निरुपद्रवी दिसणारी वनस्पती आहे. तिने तिरपागडे यांच्या इमॅटिनिबची रक्तातली पातळी घटते. गोळी वेळेवर घेऊनही कमी पडते. 'नैसर्गिक आहे, सांगायचं काय' म्हणून ही गोष्ट कुणाच्याच कानावर जात नाही.

तिरपागडे

घेत नाही काका. पण विचारलं कुणी नव्हतं हेही खरं.

गणोबा

जुन्या पानांबद्दल राहिलंच. इमॅटिनिबला मान्यता मिळाली २००१ मध्ये, सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरसाठी. त्याआधीची त्या आजाराची पानं वाचली तर माणूस हाय खाईल. आता बहुतेक रुग्ण रोज गोळी घेऊन जवळपास सर्वसाधारण आयुष्य जगतात. पसरलेल्या मेलॅनोमाचं (त्वचेचा एक कॅन्सर) तसंच. पूर्वी मीडियन आयुष्य वर्षभराच्या आत होतं. इम्युनोथेरपीची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावणारी दोन औषधं एकत्र दिलेल्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ते सुमारे ७२ महिन्यांवर आलंय. पण सर्चमध्ये जुनी पानंही तितक्याच दिमाखात वर येतात. पान शेवटचं कधी तपासलं ही तारीख खाली बारीक अक्षरांत असते. ती आधी बघा. नसेल तर पुढे वाचूच नका. आरोग्याच्या संकेतस्थळांना शिक्का देणारी 'हॉनकोड' नावाची योजना होती, तीही २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे कुठे जुना शिक्का दिसला तर त्यावर विसंबू नका.

अनवट

बरीच चर्चा झाली. आमच्यापुरता उपयोग कशाने झाला ते सांगायचं राहिलं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पीडीक्यू म्हणून पानं आहेत. प्रत्येक कॅन्सरची दोन रूपं, एक रुग्णांसाठी, एक डॉक्टरांसाठी. वहिनीने आधी रुग्णांचं वाचलं, आणि जिथे 'काही रुग्णांमध्ये' असं मोघम आलं तिथे डॉक्टरांच्या पानात जाऊन बघितलं, त्या 'काही'मध्ये आपण येतो का. तेवढेच प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर आधी वैतागले, नंतर त्यांनी तोच कागद घेऊन त्यावर उत्तरं लिहून दिली.

पण हे सगळं तिला तिचा प्रकार, स्टेज, रिसेप्टर माहीत झाल्यावर. आधीचं वाचन आम्ही सगळ्यांनी केलं, ते निव्वळ वाया.

मुग्धा_र

वाया नाही हो. काही न करता बसवत नाही म्हणून माणूस वाचतो. मी वाचलं नाही, पण माझ्या नवऱ्याने वाचलं नसतं तर तो भिंतीशी बोलला असता. फक्त जे वाचलं ते मला ऐकवू नको एवढं सांगावं लागलं.

चकोर

नमस्कार, नवीन सदस्य आहे, वाचनमात्र होते. धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मावशीचा बायोप्सीचा रिपोर्ट आज फोनवर आला, डॉक्टरांची भेट सोमवारी. त्यात 'ईआर ९०% पॉझिटिव्ह' लिहिलंय. म्हणजे ९०% पसरलाय का? मावशीला अजून सांगितलं नाही.

पॅथकाका

नाही, चकोर. पसरण्याशी त्याचा काही संबंध नाही. गाठीतल्या शंभरपैकी नव्वद पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर दिसला, एवढाच अर्थ. म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या औषधांचा उपयोग होण्याची चांगली शक्यता. रिपोर्टमधली ही त्यातल्या त्यात बरी ओळ आहे. किती पसरलाय ते बायोप्सीच्या त्या तुकड्यावरून कळतही नाही, त्यासाठी तपासणी आणि स्कॅन लागतात. हर-टूसमोर काय लिहिलंय?

चकोर

हुश्श. काका, खूप आभार. हर-टूसमोर 'टू प्लस' आणि पुढे 'फिश सुचवले आहे'.

पॅथकाका

टू प्लस म्हणजे ना हो, ना नाही. 'फिश' ही त्याच नमुन्यावरची पुढची तपासणी, ती निकाल लावेल. तोवर हर-टू पॉझिटिव्हचंही वाचू नका आणि निगेटिव्हचंही. सोमवारी विचारा, तपासणीला नमुना पाठवलाय का आणि रिपोर्ट कधी येईल. पाठवला नसेल तर मधले दिवस फुकट जातात. आणि इथे रिपोर्टचा फोटो टाकू नका, त्यावर मावशींचं नाव असतं.

ओवी

चकोर, मावशींना सांगा. त्यांनी एव्हाना बघितलाही असेल.

चकोर

मघाशी फोन केला. बघितला होता. मीच आधी फोन कसा नाही केला म्हणून रागावली. तिलाही तो नव्वदचा आकडाच खात होता. काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. फिशबद्दल सोमवारी तीच विचारणार आहे, म्हणाली तू नुसती शेजारी बस.